गाड्यांची फडकी आणि आमचं मशीन

गेल्या महिन्यात आपल्या रेडिओवर आमच्या गटाचं नाव आलं, तेव्हापासून दोन-तीन गावांतून फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच. "ताई, तुम्ही गाड्यांची फडकी धुता म्हणे, तर मशीन कोणतं घेतलं?" फोनवर सांगायला गेलं की अर्धं राहून जातं, म्हणून आज सगळं बसून सांगतो. मशीनचं नाव मात्र सांगणार नाही. कंपनी कोणतीही असो, आधी काम कसलं आहे ते कळलं पाहिजे. आम्हाला ते उशिरा कळलं आणि त्याचे पैसे मोजावे लागले.

आमचं गाव महामार्गापासून तीन किलोमीटर आत आहे. हायवेवर आता गाड्या धुण्याची नवी दुकानं झाली आहेत. नुसती पाण्याचा फवारा मारून गाडी धुणारी नव्हेत. रंगावरचे बारीक ओरखडे घासून काढायचे, वर मेण चढवायचं, आतल्या सीटा साफ करायच्या, असं सगळं करणारी. त्याला डिटेलिंग म्हणतात. एका गाडीला दहा-पंधरा फडकी सहज लागतात. संध्याकाळी त्या फडक्यांचा ढीग पडतो आणि तो धुवायला दुकानातल्या पोरांना वेळ नसतो. आमच्या गटातल्या एका काकूंचा मुलगा अशाच एका दुकानात कामाला आहे. त्याच्यामुळे हे काम आमच्याकडे आलं.

सुरुवातीला आम्हाला वाटलं, यात काय एवढं? फडकी तर फडकी. जन्मभर कपडेच धुतले. एकीच्या घरी मशीन होतं, त्यातच घरच्या कपड्यांबरोबर फडकी टाकली. चादरी, टॉवेल, पोरांचे शाळेचे कपडे, सगळं एकत्र. वास चांगला यावा म्हणून शेवटी कपडे मऊ करायचं ते निळं औषधही घातलं. वाळल्यावर काय मऊ लागली म्हणून सांगू! घड्या घालून, पिशव्या बांधून दिल्या.

चौथ्या दिवशी मालकाचा फोन. आमच्या फडक्याने काळ्या गाडीचं बॉनेट पुसलं तर पाणी निघेना, नुसतं पसरत होतं. वर पांढरे तंतू चिकटले. आणि उजेडात बघितलं तर बारीक गोल गोल ओरखडे. ते ओरखडे काढायला त्याचा अर्धा दिवस गेला. त्याने आमचे १८०० रुपये कापले आणि दहा दिवस काम बंद ठेवलं. आम्हाला राग आला होता, खोटं कशाला बोला. पण काकूंच्या मुलाने आम्हाला दुकानात नेऊन गाडी दाखवली. तेव्हा बोलायला तोंड राहिलं नाही.

तर आधी फडक्याचं सांगतो, कारण मशीनची निवड तिथूनच सुरू होते.

ही फडकी सुती नसतात. मायक्रोफायबर म्हणतात त्याला. पॉलिस्टर आणि नायलॉनचा अगदी बारीक तंतू, केसापेक्षा कितीतरी बारीक, आणि तो उभा चिरलेला असतो. त्या चिरांमध्ये धूळ, पाणी, मेण अडकून राहतं, म्हणून ते फडकं एवढं चांगलं पुसतं. पण जे धूळ धरतं ते सुताचे तंतूही धरतं. चादरीबरोबर धुतलं की चादरीचा सगळा भुसा त्यात जाऊन बसतो. कपडे मऊ करायचं औषध त्या चिरा भरून टाकतं, मग फडकं पाणी पीत नाही. ब्लिचिंगने तंतू खराब होतो. फार कढत पाण्याने आणि इस्त्रीने तो वितळल्यासारखा कडक होतो. आणि आपण दगडावर आपटतो, ब्रश मारतो, ते तर नकोच. माती आत जाते आणि तंतू तुटतो.

दुसरी गोष्ट फडक्यांच्या जातीची. हसू नका, पण ही जातपात पाळावीच लागते. टायर, चाकाची रिंग आणि इंजिन पुसायचं फडकं वेगळं. त्यात ब्रेकची लोखंडी पूड असते, वाळू असते, ग्रीस असतं. रंगावर फिरवायचं फडकं वेगळं. काच पुसायचं आणखी वेगळं. टायरच्या फडक्यातला एक खडा रंगाच्या फडक्यात गेला की संपलं. आमच्या हातून नेमकं हेच झालं होतं. आता आम्ही दुकानदारालाच सांगितलंय, तीन रंगांच्या पिशव्यांत वेगवेगळी टाका. काळ्या पिशवीत टायरची. पिशवीत मिसळून आली तर आम्ही तशीच परत पाठवतो. फडक्याच्या कडेला शिवलेली कंपनीची कडक पट्टीसुद्धा आम्ही कात्रीने काढून टाकतो, तीही ओरखडा काढते.

एक धोक्याचं आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर विसरेन. ज्या फडक्याला पेट्रोल, थिनर किंवा तसलं काही लागलेलं आहे, ते मशीनमध्ये कधीच टाकायचं नाही. वासावरून कळतं. मोटारीची ठिणगी आणि बंद टाकीतली वाफ, भडका उडू शकतो. आणि सिरॅमिक कोटिंग म्हणून गाडीवर एक काचेसारखा थर देतात, त्याला वापरलेलं फडकं धुवून निघत नाही. ते द्रव्य फडक्यातच वाळून टणक होतं. ती फडकी टाकूनच द्यायची असतात. आमच्याकडे आली तर आम्ही बाजूला काढून, मोजून परत देतो, म्हणजे नंतर "दोन कमी आली" असं ऐकावं लागत नाही.

आता मशीन. काम परत मिळवायचं तर वेगळं मशीन घ्यावंच लागणार हे सगळ्यांना पटलं. पण कोणतं, यावर गटात तीन बैठका झाल्या. आमच्या गटात बाराजणी आहेत, आणि पैसे गटाच्या बचतीतले. म्हणजे ज्या फडकी धुणार नाहीत त्यांचेही.

बाजारात मशीन तीन प्रकारचं. पहिलं सेमी ऑटोमॅटिक. दोन टाक्या, एकीत धुवायचं, दुसरीत पिळायचं. पाणी आपण भरायचं, कपडे आपण उचलून टाकायचे. दुसरं वरून झाकण उघडायचं फुल ऑटोमॅटिक, टॉप लोड. कपडे टाका, बटण दाबा. तिसरं समोरून काचेचं दार असलेलं, फ्रंट लोड. त्यात ड्रम आडवा फिरतो, कपडे वर जाऊन खाली पडतात, पाणी कमी लागतं, आणि बहुतेकांत पाणी गरम करायची सोय आत असते.

दुकानात गेलो तर जो तो महागातलं दाखवतो. म्हणून आम्ही ठरवलं की आपणच करून बघायचं. आपलं सेमी होतंच. एका बाईंच्या घरी टॉप लोड, तालुक्याला एकीच्या बहिणीकडे फ्रंट लोड. तीस-तीस फडकी घेऊन तिन्हीकडे धुतली. साबण तोच, मापही तेच. बहीण बिचारी आधी नको म्हणत होती. आम्ही शब्द दिला की टायरची फडकी आणणार नाही आणि नंतर मशीन रिकामं फिरवून देऊ.

वाळल्यावर दोन परीक्षा घेतल्या. एक, फडक्यावर पाण्याचा थेंब सोडायचा. लगेच जिरला तर फडकं साफ. वर मोत्यासारखा थांबला तर आत मेण, साबण किंवा औषध राहिलंय. दोन, घरात पडलेली जुनी सीडी घ्यायची आणि तिच्या चकचकीत बाजूवर फडकं घासायचं. उन्हात धरून ओरखडे दिसले तर ते फडकं गाडीला लावायचं नाही. सीडी कोणत्या लग्नाची आहे ते आधी बघून घ्या. आमच्या एका वहिनींनी घरात न विचारता आणली होती.

निकाल असा लागला. फ्रंट लोडची फडकी सगळ्यात चांगली निघाली. थेंब लगेच जिरला. पाणीही सगळं मिळून पन्नास-साठ लिटर लागलं. पण एका घाण्याला दीड तास. टॉप लोडची बरी होती, पण पाणी भरपूर गेलं आणि दोनच वेळा विसळल्याने काही फडक्यांत साबण राहिला. आमच्या सेमीत पहिल्यांदा साबण राहिला. मग दुसऱ्यांदा नवं पाणी घेऊन विसळलं, तर थेंब तसाच जिरला जसा फ्रंट लोडमध्ये. म्हणजे सेमीत फडकं साफ निघतं की नाही, हे उभ्या राहणाऱ्या बाईवर आहे. तिने कंटाळा केला की गेलं.

मग फ्रंट लोडच घ्यावं असं अर्ध्याजणींचं मत झालं. तेव्हा आम्ही पाण्याचा विचार केला. आमच्या गावात नळाला एक दिवसाआड पाणी येतं, बाकी सगळं बोअरचं. फ्रंट लोडच्या नळाला पाण्याचा दाब लागतो. टाकीचा तळ नळापेक्षा साधारण दहा फूट तरी वर पाहिजे. ज्या मैत्रिणीच्या पडवीत आम्ही काम करतो, तिची टाकी स्लॅबवर आहे. नळापासून मोजलं तर सात फूट भरलं. म्हणजे वर लोखंडी स्टँड नाहीतर दाब वाढवायची छोटी मोटार. शिवाय संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज पडतं, म्हणून स्टॅबिलायझर. हे दुकानदाराच्या किमतीत धरलेलं नसतं. लाइट गेली की फ्रंट लोडचं दार आतल्या पाण्यासकट अडकून राहू शकतं, फडकी सहज बाहेर काढता येत नाहीत. सेमीत निदान हात घालून फडकी बाहेर काढता येतात, बादलीत विसळून दोरीवर टाकता येतात. दुकानाला सकाळी नऊला फडकी पाहिजेत, त्यांना आमच्या लाइटशी काय घेणं?

आणखी एक गोष्ट, जी आम्हाला तिसऱ्या दुकानात कळली. वॉरंटीच्या कार्डावर बारीक अक्षरांत बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की मशीन घरगुती वापरासाठी आहे, धंद्याला वापरलं तर वॉरंटी लागू नाही. पहिल्या दोन दुकानांत म्हणाले, "सांगू नका हो ताई, कोण बघतंय." तिसऱ्याने कार्ड उघडून वाचून दाखवलं. आम्ही त्याच्याकडूनच घेतलं, हे ओघाने आलंच. पण मुद्दा असा की रोज तीन-चार घाणे काढणारं मशीन घरगुती नव्हे. ते बिघडणार, आणि दुरुस्ती आपल्याच खिशातून होणार असं धरून चालावं. मग प्रश्न येतो, दुरुस्त करणारा कोण? सेमीचा पट्टा, कपॅसिटर, पिळायच्या टाकीचं रबर, ब्रेकची तार, हे आमच्या बाजाराच्या गावात मिळतं आणि बसवणारा दोन गल्ल्या सोडून आहे. फ्रंट लोडचं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं तर जिल्ह्याला फोन, मग माणूस येईल तेव्हा.

आता हिशेब. दोन दुकानांची मिळून आमच्याकडे रोज १२० लहान फडकी आणि १२ मोठे टॉवेल येतात, गाडी पुसून कोरडी करायचे जाड. लहान फडक्याला २ रुपये, मोठ्याला ८. रोजचे ३३६. महिन्याला २५ दिवस धरले तर ८४००. साबण, वीज, ने-आण, दुरुस्तीसाठी बाजूला काढलेले, असे मिळून २६०० जातात. राहिले ५८००. त्यातून कर्जाचा हप्ता.

सेमीचा विचार केला तर नवं आठ किलोचं १२,५०० ला, टायरच्या फडक्यांसाठी जुनं वापरलेलं ४५०० ला, अर्थिंग आणि वायरिंग ३०००, मोठे टब, दोऱ्या आणि जाळी ४०००. एकूण २४,०००. फ्रंट लोड घ्यायचं तर मशीन ३२,००० च्या आसपास, टायरसाठी जुनं मशीन तरीही लागणारच, वर स्टँड, मोटार, स्टॅबिलायझर. सगळं मिळून ५०,००० च्या पुढेच.

पहिल्या बैठकीत हे आकडे फळ्यावर लिहिले आणि सगळ्याजणी म्हणाल्या, सेमीच. निम्म्यात काम होतंय. वही मिटायला घेतली तेवढ्यात गटातली सगळ्यात लहान, लग्न होऊन दोन वर्षंच झालेली सून बोलली. एरवी ती बैठकीत तोंड उघडत नाही. म्हणाली, "मशीनची किंमत लिहिली, साबणाची लिहिली. त्याच्यापाशी उभी राहणारी बाई कुठे लिहिली?"

खरंच लिहिली नव्हती. आपल्या सगळ्यांची ही सवय. दुधाच्या हिशेबात पेंड येते, औषध येतं, पण चारा आणणारी येत नाही. फळा पुसला आणि परत मांडलं. सेमीला दोघीजणी रोज दोन-दोन तास लागतात. एक मशीनपाशी, दुसरी निवडायला, वाळत घालायला आणि टायरची धुवायला. महिन्याचे शंभर तास. फ्रंट लोडला त्याच्या निम्मे. गटाच्या कर्जाला महिना एक टक्का व्याज आहे आणि परतफेड एका वर्षात. सेमीचा पहिला हप्ता व्याजासकट २२४० येतो. ५८०० मधून वजा केले तर ३५६०, म्हणजे तासाला ३५ रुपये. आमच्याकडे खुरपणीचा रोज तासावारी भागला तर तसंच काहीसं बसतं. फ्रंट लोडचा पहिला हप्ता ४६६७ येतो. हातात ११३३ राहतात, तासाला बावीस-तेवीस रुपये. पण कर्ज फिटल्यावर उलटं होतं. सेमीला तासाला ५८ मिळतील आणि फ्रंट लोडला ११६.

म्हणजे त्या पोरीचं म्हणणं बरोबर होतं. लांबचं बघितलं तर बाईच्या वेळेला किंमत देणारं मशीन महागातलंच. हे मान्य करूनही आम्ही सेमी घेतलं. का, तर दुकानदारांशी आमचा कागद नाही, नुसता शब्द आहे. एकदा दहा दिवस काम बंद पडून झालेलं. बाराजणींचे पन्नास हजार शब्दावर लावायला आम्ही धजावलो नाही. शब्द मोडला तर आठ किलोचं सेमी गावात कुणीही दहा हजाराला उचलेल, अगदी नाही तर आमच्यातलीच एखादी घेईल. पण त्या बैठकीत ठरलं ते असं की तासांची वही ठेवायची. कोण किती वाजता आली, किती वाजता गेली. पैसे त्यावरून वाटायचे. आणि वर्षाने परत बसायचं. ती वही त्या सुनेकडेच दिली आहे. ती एक मिनिट सोडत नाही, आमचंसुद्धा.

मशीन घेताना काय बघितलं ते सांगतो. किलोचा आकडा कोरड्या कपड्यांचा असतो. चाळीस सेंटिमीटरचं एक फडकं साधारण पन्नास ग्रॅम भरतं, वीस फडक्यांचा एक किलो. आठ किलोत १६० मावतील असा हिशेब करू नका. फडकी पाणी पितात, फुगतात, आणि पाण्यात मोकळी फिरली नाहीत तर एकमेकींची घाण एकमेकींना लावतात. आम्ही एका घाण्याला साठाच्या वर टाकत नाही. मोठे टॉवेल एकेक चारशे ग्रॅमचे, ते सात-आठच. पिळायची टाकी नेहमी धुवायच्या टाकीपेक्षा लहान असते, त्यामुळे एक घाणा दोन-तीन वेळा करून पिळावा लागतो. तेव्हा दुकानात दोन्ही टाक्या उघडून बघा. धुवायच्या टाकीत तळाला फिरणारी चकती असते, तिच्यावरून हात फिरवा. कडा धारदार किंवा खरखरीत नको. तंतू पकडणारी जाळीची पिशवी सहज निघते का ते बघा, कारण आम्ही ती प्रत्येक घाण्यानंतर साफ करतो. पाणी सोडायचा पाइप जमिनीलगत आणि मोठा हवा. आणि दोन टाक्यांना दोन मोटारी असतात, त्यामुळे एकीकडे पुढचा घाणा धुवायला आणि दुसरीकडे मागचा पिळायला लावता येतो. तीन घाणे दोन तासांत निघतात ते त्यामुळेच.

पडवी ओली, हात ओले, पाय ओले. पहिल्याच आठवड्यात एकीला मशीनला हात लावल्यावर मुंग्या आल्या. "जरासंच लागलं," म्हणाली ती. जरासंच म्हणून सोडलं असतं तर आज हे भाषण झालं नसतं. वायरमनला बोलावलं, तर त्या घरात अर्थिंगच नव्हतं. तीन पिनेचा प्लग होता, पण तिसरी तार कुठेच गेलेली नव्हती. खड्डा घेऊन नवं अर्थिंग केलं, बोर्डावर गळतीला लगेच बंद पडणारा स्विच बसवला, आणि मशीनपुढे लाकडी फळी टाकली. तुम्ही मशीन आणायच्या आधी हे करा. वीज कार्यालयातही आधी विचारून घ्या की घरच्या मीटरवर एवढा धंदा चालतो का आणि कोणत्या दराने.

धुण्याची आमची पद्धत आता बसली आहे. फडकी आधी कोरडीच झटकायची, मोकळ्या जागेत, तोंडाला पदर बांधून. मग कोमट पाण्यात अर्धा तास भिजत. बाळाच्या अंघोळीला चालेल इतकं कोमट, त्यापेक्षा गरम नको. एवढ्यानेच मेण सुटतं. आमचं बोअरचं पाणी जड आहे, क्षार खूप. वडीचा साबण त्यात फुटतो आणि त्याची साय फडक्यात बसते. पावडरचे कणही नीट विरघळत नाहीत, आणि न विरघळलेला कण म्हणजे पुन्हा खडाच. म्हणून पातळ साबण, आणि तोही थोडा. दहा-बारा मिनिटं धुवायचं, दोनदा विसळायचं. पहिल्या घाण्याचं दुसरं विसळलेलं पाणी टबात काढून ठेवतो, ते पुढच्या घाण्याच्या भिजवणीला. एकदा टाकी भरायला पंधरा लिटरच्या चार बादल्या लागतात, म्हणजे एका घाण्याला १८० लिटर झालं असतं. या युक्तीने साठ वाचतात. टायरच्या फडक्यांना पाणी नेहमी शेवटचं, रंगाच्या फडक्यांचं झालेलं. उलटं कधीच नाही. पंधरा दिवसांनी लिंबूसत्व घालून मशीन रिकामं फिरवतो, ढोकळ्यात घालतो तेच. क्षाराचा थर सुटतो.

वाळवण्याचं दुखणं वेगळंच निघालं. उन्हात दोरीवर टाकली तर रस्त्याची धूळ. आणि हंगाम सुरू झाला की कारखान्याची आणि जाळलेल्या पाचटाची काजळी उडत येते. धुतलेल्या पांढऱ्या टॉवेलवर काळी पिसं! एकदा सत्तर फडकी परत धुवावी लागली. आता पडवीलाच तिन्ही बाजूंनी मच्छरदाणीची जाळी लावली आहे. सावलीत वाळतात. पिळून चांगली निघालेली असतात, त्यामुळे सहा-सात तास पुरतात. पावसाळ्यात पंखा लावतो.

पाण्याचं मात्र आमचं अजून सुटलेलं नाही, ते खरं सांगितलं पाहिजे. फडक्यांतून निघालेल्या पाण्यात मेण, तेल, लोखंडाची पूड आणि प्लॅस्टिकचे बारीक तंतू असतात. पहिले पंधरा दिवस आम्ही ते परसातल्या केळीला सोडलं, मग बंद केलं. आता पाइपच्या तोंडाला जुन्या नायलॉनच्या ओढणीची दुहेरी पिशवी बांधली आहे. त्यात राखाडी लगदा साठतो, तो वाळवून पिशवीत भरून कचऱ्याच्या गाडीत देतो. पाणी शोषखड्ड्यात जातं. पण खड्डा विहिरीपासून लांब घेतला तरी तेलाचं काय, ते जातंच. टायरच्या फडक्यांसाठी तेल वर तरंगेल अशी दोन कप्प्यांची टाकी बांधायचं चाललं आहे. ग्रामसेवकांना बोलून झालंय. ज्या गटाने असं काही केलं असेल त्यांनी रेडिओच्या ऑफिसात निरोप ठेवा, आम्ही बघायला येऊ.

सात हप्ते फेडून झाले आहेत. मधे एकदा पिळायच्या टाकीचं रबर गेलं, ३५० रुपयांत झालं आणि एक दिवस सगळं काम जुन्या मशीनवर काढलं. आधी ते तीनदा रिकामं धुवून घेतलं आणि सीडी घासून बघितली, मगच. ज्याने पैसे कापले होते त्या मालकाने आता ओळखीच्या दुसऱ्या दुकानाला आमचं नाव सांगितलंय. ते तिसरं काम घ्यायचं तर शंभराचे दीडशे तास होतात आणि दोघींच्या तिघी लागतात. परवाच्या बैठकीत सुनेने वही उघडून तेच विचारलं, की तासच वाढवायचे असतील तर फ्रंट लोडचं आत्ताच का बोलू नये. पण या वेळी आम्ही मालकाला म्हटलंय, आधी वर्षाचा कागद करा. तो विचार करतोय.

बघायला यायचं असेल तर जरूर या, पण सकाळी नऊनंतर. त्याआधी घड्या मोजून पिशव्या भरायची घाई असते, आणि मधेच कुणी बोललं की मोजणी परत पहिल्यापासून.